आवाज कुणाचा?

'आत्या, माझा आवाज गेला.'

रात्री साडेदहाला घरून फोन आला की आपण आधी वाईटच विचार करतो ना? मी पुण्यात, लॅपटॉपसमोर, एका कॉपीची डेडलाइन डोक्यावर. पलीकडे धुळ्याहून आमचे भाचेबुवा. वय वर्षं तेरा, इयत्ता आठवी. आधी मला वाटलं सर्दी झालेला दादाच बोलतोय. मग वाक्याच्या मध्येच तो आवाज चिरकून वर गेला आणि ओळख पटली.

'गेला म्हणजे? बसलाय का?'

'बसला नाही गं, फुटलाय. आणि निवड सोळा तारखेला आहे.'

निवड म्हणजे शाळेच्या समूहगान गटाची. २६ जानेवारीला झेंड्यासमोर गाणारी वीस-पंचवीस मुलं डिसेंबरात निवडतात. गेली दोन वर्षं भाचेबुवा पहिल्या रांगेत, बरोब्बर मधोमध. गाणं उचलून देणार हाच, बाकीची मुलं याच्या मागून येणार. आमची आई त्याला कौतुकानं 'आमची लता' म्हणायची, त्यावर तो चिडायचा. पण चिडण्यातही एक ऐट असायची. आता ती ऐट गेली होती. वर्गात कविता म्हणताना आवाज दोनदा फाटला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी बेडकाचा आवाज काढला, एवढंच त्यानं सांगितलं. बाकीचं मी समजून घेतलं.

मला फोन का? तर दोन-तीन वर्षांपूर्वी मी एका पुरवणीसाठी आवाजाच्या तक्रारींवर लेख केला होता. शिक्षक, कॉल सेंटरमधली मुलं, आरजे, आणि त्यांना तपासणारे घशाचे डॉक्टर. तेव्हापासून घरात मी 'आवाजातली जाणकार' आहे. मास कॉमची डिग्री असली की घरचे तुम्हाला सगळं येतं असं धरून चालतात. फक्त नोकरी टिकवणं सोडून.

खरं सांगू? गाण्याबद्दल सल्ला मागायला माझ्याइतकं चुकीचं माणूस अख्ख्या खानदेशात सापडलं नसतं. मी पाचवीत असताना आमच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमानं सांगितलं होतं, 'तू नुसते ओठ हलव हं, आवाज नको काढूस.' मी हलवले. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला, गॅदरिंगला. मग सवयच लागली. आजही मैत्रिणीच्या केकसमोर 'हॅपी बर्थडे' चालू असतं तेव्हा मी टाळ्या जोरात वाजवते आणि ओठ हलवते. हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ओठ हलवण्यात आपण मास्टर आहोत, बॉस!

पण 'आत्या, काहीतरी कर' म्हटल्यावर काय करणार? फ्रीलान्सरचं ऑफिस पाठीवरच्या सॅकमध्ये असतं. सॅक उचलली आणि जळगाव गाठलं. भाचेबुवा दोन वीकेंड धुळ्याहून आजीकडे येणार, असं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी तो आला, आणि तो यायच्या आधीच आईनं उपायांचं दुकान मांडलेलं. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, खडीसाखर, तूप-मिरी, आणि केळी एकदम बंद. 'केळ्यानं कफ होतो.' जळगावात राहून केळं बंद! ज्या जिल्ह्याच्या केळ्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, जिथं पाहुण्याच्या हातात चहाआधी केळं ठेवतात, तिथं बिचारा पोरगा फळांच्या टोपलीकडे बघत बसला.

लेख करताना डॉक्टरांनी मला एक गोष्ट चित्र काढून समजावली होती. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जातं. आवाज निघतो श्वासनलिकेच्या तोंडाशी, स्वरयंत्रात. गिळताना त्यावर झाकण बसतं. म्हणजे ज्येष्ठमध असो, मध असो की महागडी गोळी, त्यातलं काहीही स्वरतंतूंना लागतच नाही. घसा सुखावतो, चांगलं वाटतं, तेवढंच. पाण्याचंही तसंच. आत्ता प्यायलेलं पाणी तंतूंपर्यंत पोचतं ते रक्तातून, सावकाश. त्यामुळे स्टेजवर चढायच्या आधी बाटलीभर पाणी ढोसून उपयोग नाही. आदल्या दिवसापासून थोडं थोडं पीत राहायचं. थेट तिथवर पोचते ती एकच गोष्ट. वाफ. तीही साध्या पाण्याची.

हे मी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हळदीचं दूध आणलं.

खरा शत्रू दुसऱ्या रात्री भेटला. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भरताचा सीझन. मामाच्या शेतात काट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेल्या मिरच्या, वरून तेलाची धार, कळण्याची भाकरी. रात्री अकराला जेवलो, साडेअकराला आडवे. सकाळी भाचेबुवांच्या तोंडून घर्रर्र एवढंच निघालं. आणि माझ्याही! कारण साधं आहे. भरल्या पोटी आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं, पार स्वरयंत्राच्या दारापर्यंत. छातीत जळजळ नसली तरी येतं. सकाळचा घोगरा आवाज आणि सारखं खाकरावंसं वाटणं ही त्याची खूण. आणि आपण काय करतो? जोरात खाकरतो. म्हणजे आधीच सुजलेले तंतू एकमेकांवर आपटतो. निवडीच्या आधी काय खावं हे सगळे विचारतात. कधी खावं हे कुणी विचारत नाही. झोपायच्या आधी निदान तीन तास. भरीत बंद नाही केलं हं मी, एवढी दुष्ट नाही. दुपारी खाल्लं.

पण हे सगळं वरवरचं. मुद्द्याला हात घातला तो रविवारी दुपारी, गच्चीवर, बोरं खाता खाता.

आवाज फुटतो म्हणजे नेमकं काय होतं? मुलगा वयात येताना त्याचं स्वरयंत्र भराभर वाढतं, पुढं येतं, तोच तो कंठमणी. आतले तंतू लांब होतात, जाड होतात. लहान मुलाचे तंतू बोलताना सेकंदाला अडीचशे-तीनशे वेळा थरथरतात, मोठ्या पुरुषाचे सव्वाशेच्या आतबाहेर. सतारीची बारीक तार काढून तिथं जाड तार बसवल्यासारखंच. आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो बरं का, पण दोन-तीन सुरांनीच, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलाच्या मेंदूला मात्र अजून जुन्याच तारेची सवय असते. तो जुन्या हिशेबानं ताण देतो आणि तार सटकते. तेच चिरकणं. यात आजार काही नाही, गळ्याचा दोषही नाही.

'किती दिवस चालतं?'

'दिवस नाही रे राजा. महिने. कधी वर्षाच्या वर.'

तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, 'मग मी निवडीला जातच नाही. नाहीतरी सर काढणारच.' आणि मग अगदी हळू, 'किंवा मागे उभा राहून नुसते ओठ हलवतो.'

मी हातातलं बोर खाली ठेवलं. माझी पाचवीची गोष्ट मी घरात कधीच कुणाला सांगितली नव्हती. हे वाक्य त्याला त्याचं त्यालाच सुचलं होतं, कुणी न सांगता.

'ओठ हलवायचे नाहीत,' मी म्हटलं. जरा जास्तच जोरात. खालून आईनं 'काय झालं गं?' विचारलं.

मग लॅपटॉप बंद केला आणि खरं काम सुरू झालं. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं. पूर्वी तो काळी पाचमध्ये गायचा. पेटी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे कुठल्या पट्टीच्या स्वराला 'सा' धरलाय त्यावरून गाणाऱ्याची पट्टी सांगतात. काळी पाच म्हणजे बऱ्यापैकी उंच. मुलांना, बायकांना जमणारी. आता काळी पाचमध्ये वरच्या 'सा'च्या अलीकडेच आवाज फाटत होता. मी ॲपवर एकेक सूर खाली येत गेले. काळी चार, पांढरी पाच, पांढरी चार... पांढरी तीनला आल्यावर त्याच्या खांद्यांची उंची एकदम दोन इंच कमी झाली. आवाज जाडसर होता, त्याला अनोळखी होता, पण फाटत नव्हता. मधले सहा-सात सूर पक्के. वर गेलं की डगमग.

'हा मी नाही,' तो म्हणाला.

रेकॉर्ड करून ऐकवलं तर आणखीच वैतागला. त्याचंही कारण आहे. आपला आवाज आपल्याला कानातून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून 'शी!' न म्हणालेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आणि याला तर नवा आवाज, तोही हाडांशिवाय.

इथं मला बालगंधर्व आठवले. जळगावात वाढलेल्या कुणालाही आठवतील, आमच्याकडे खुलं नाट्यगृहसुद्धा त्यांच्या नावाचं आहे. लहानपणी नारायण राजहंस जळगावात राहिले आणि मेहबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकले. पोरवयातलंच त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं. आणि १९०५ मध्ये, सतराव्या वर्षी, ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. आता गंमत बघा. टिळकांनी ऐकलेला गळा आणि शकुंतलेचा गळा एकच असणं शक्य नाही. मधल्या काळात प्रत्येक मुलाचं होतं ते त्यांचंही झालंच असणार. 'बाल' नावात राहिलं, गळ्यातून गेलं. महाराष्ट्र ज्या आवाजावर पुढं वेडा झाला तो त्यानंतरचा.

भाचेबुवांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, 'म्हणजे मी आता साडी नेसू?' पण हसला. फोन आल्यापासून पहिल्यांदा.

व्यायाम म्हणून आम्ही फार काही केलं नाही, आणि करूही नये. फुटत्या आवाजाला जोर लावून ओढणं हा सगळ्यात वाईट उपाय. कुजबुजून बोलणंही नको, त्यानं अनेकांच्या गळ्यावर उलट ताणच येतो. त्यातल्या त्यात कामाला आली ती स्ट्रॉ. अमेरिकेतले इंगो टित्झे म्हणून आवाजाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ही स्ट्रॉ जगभर लोकप्रिय केली. बारीक नळी ओठांत धरायची आणि तिच्यातून 'ऊ' असा सूर सोडायचा, खालून वर, वरून खाली, घसरगुंडीसारखा. पुढं वाट अरुंद असल्यानं हवेचा थोडा दाब मागं, तंतूंकडे परततो. ते हलकेच एकमेकांजवळ येतात, आपटत नाहीत. पण स्ट्रॉ आणायची कुठून? प्लास्टिकच्या स्ट्रॉवर जुलै २०२२ पासून बंदी. कागदाची दोन मिनिटांत लगदा. बाबांनी उत्साहानं पपईच्या पानाचा पोकळ देठ आणला. त्याचा चीक ओठाला लागल्यावर तो उपक्रम संपला. शेवटी कपाटात एक जुनं रेनॉल्ड्सचं पेन सापडलं, तेच ते पांढरं, निळ्या टोपणाचं. रिफिल काढली, नळी उकळत्या पाण्यानं धुतली. एका माणसाच्या निबंधाची नळी दुसऱ्याच्या गळ्याला लागली! पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सोबत क्रिकेटच्या मैदानावर 'हाऊज दॅट' बंद. एकांकिकावाली मित्रमंडळी 'अरे आवाज कुणाचा' ओरडून ओरडून पुरुषोत्तमच्या दुसऱ्या दिवशी मुक्याची भूमिका करायच्या लायकीची झालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे या बाबतीत मी कडक होते.

आणि नळी त्याच्या हातात, तर मलाही एक हवी ना, दाखवायला? मी दुसरं पेन घेतलं. गच्चीवर, अंधारात, 'ऊ...' माझा सूर तानपुऱ्याच्या आसपास कुठंतरी भटकत होता. भाचेबुवा म्हणाले, 'आत्या, थोडं वर. अजून. हां, थांब, लागला!' तो नळीतला 'सा' कानात गुणगुणल्यासारखा वाजला. लेखाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की ज्यांच्या कानालाच सुरातला फरक कळत नाही अशी माणसं फार थोडी. बाकी 'बेसूर' म्हणवल्या गेलेल्यांचा कान ठीक असतो, कानानं ऐकलेलं गळ्यात उतरवायची सवय कुणी लावलेली नसते. मी ते वाक्य लेखात छापलं होतं. स्वतःला लावून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वीकेंडला आईनं आसोद्याचा विषय काढला. आसोदा जळगावपासून हाकेच्या अंतरावर, बहिणाबाई चौधरींचं माहेर. लिहिता-वाचता न येणारी ही बाई जात्यावर, शेतात गाणी रचत गेली आणि ती पुस्तकात आली १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. आईचं म्हणणं असं, 'जात्यावर बसलेल्या बाईला पट्टी कोण देतं? ती आपल्याला झेपेल तिथून सुरू करते.' गाण्याचं एक अक्षर न शिकलेल्या माझ्या आईनं आठ दिवसांचा प्रश्न एका वाक्यात सोडवला. कारण आमचं सगळं अडत होतं ते इथंच. पांढरी तीनमध्ये तो छान गातो, पण निवडीत पेटी सरांच्या हातात. सगळ्यांना एकच पट्टी, काळी चार. गाणं कुठलं, तर राज्यगीत. फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत झालंय, शाळाशाळांतून गातात. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल. शाहीर साबळ्यांच्या पहाडी आवाजात ऐकायला सोपं वाटतं, गाऊन बघा!

'सरांना सांग ना, माझ्यासाठी पट्टी खाली घ्या.'

'वेडी आहेस का? सगळ्यांसमोर?'

आपल्याकडे शाळेत पोरगं पाणी प्यायला जाऊ का हे विचारताना घाबरतं, ते पट्टी बदलून मागणार? मला उत्तर नव्हतं. मीसुद्धा कधी बाईंना विचारलं नव्हतं, की मी नेमकं काय चुकते?

सोळा तारखेला सकाळी त्याला सोडायला मी धुळ्याला निघाले. लालपरी, खिडकीची सीट, बाहेर कापसाची शेतं. एरंडोल गेलं आणि गाडीनं एक ठरावीक वेग धरला. भाचेबुवांनी कान टवकारले. 'आत्या, इंजिन ऐक. पांढरी तीन.' ॲप लावून बघितलं तर थोडं खाली होतं, पण होतं. मग काय! तोंड मिटून दोघंही इंजिनच्या सुरात 'म्म्म्म्'. गुणगुणण्यासारखा दुसरा वॉर्मअप नाही, ओठ आणि नाक झणझणलं पाहिजे, घसा नाही. पारोळ्याला गाडीचा वेग कमी झाला, सूर खाली गेला, आम्हीही खाली गेलो. पलीकडच्या सीटवरच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. 'काय व्हयनं व माय पोऱ्याले? पोट दुखस का?'

शाळेच्या फाटकाबाहेर मी अडीच तास उभी होते. चहा तीन. आत पेटीचा आवाज येत होता, एकामागून एक मुलं, सगळी काळी चार. मग एक मोठी शांतता. मग पेटी पुन्हा वाजली. खालून.

त्यानं विचारलं होतं.

नंतर त्यानं सांगितलं ते असं: आधी तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि काळी चारचा 'सा' ऐकून त्याला कळलं की दुसऱ्या ओळीत आपण फाटणार. 'सर, माझा आवाज फुटलाय, पांढरी तीन देता का?' हे वाक्य म्हणतानाच आवाज फाटला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. पट्टी दिली.

आता फिल्मी शेवट सांगू का? तो मधोमध उभा राहिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या? नाही. गाणं उचलायचं काम सातवीतल्या एका मुलीला मिळालं. तिचा आवाज खणखणीत आहे असं त्यानंच सांगितलं, थोडा वेळ थांबून. त्याला सरांनी मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात घेतलं. नववीतली दोन उंच मुलं आणि हा, तिघांनी मुलींच्या खाली एक सप्तक गायचं. 'खालून भरायचं' असा सरांचा शब्द.

मी त्याला वसंत देसाईंचं सांगायचा प्रयत्न केला. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधली आणि १९७१ च्या 'गुड्डी'मधली, अशा दोन प्रार्थना देशभरातल्या शाळांत वर्षानुवर्षं गायल्या गेल्या, आणि दोन्हींना चाल त्यांची. सिनेमाचं एवढं काम असलेल्या या माणसानं 'एक सूर, एक ताल' म्हणत शाळेच्या मुलांना जमवून समूहगान शिकवलं. समूहगानात कुणाचा एकट्याचा आवाज ओळखू आला नाही तरच ते जमलं, वगैरे वगैरे. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, 'पण आत्या, मधे उभं राहायला मला आवडायचं.' यावर काय बोलणार? आवडायचंच ना. मी त्याला पाववडा खाऊ घातला आणि वहिनीच्या ताब्यात दिलं.

परतीच्या गाडीत खिडकीची सीट मिळाली नाही. इंजिन मात्र तेच. पारोळ्यापर्यंत मी मोबाइल बघितला. नंतर तोंड मिटून सुरुवात केली. शेजारच्या बाईंनी एकदा बघितलं आणि पदर सावरून झोपल्या. एरंडोलच्या अलीकडे मला राज्यगीताची पहिली ओळ आली. शब्दांसकट. अगदी हळू, पण आवाज होता.

काल रात्री पुन्हा फोन. साडेदहा. आवाज आणखी अर्धा सूर खाली गेलाय म्हणे, पांढरी तीनही आता उंच वाटते, सर म्हणाले बघू. प्रॅक्टिस रोज सकाळी सातला, कुडकुडत.

'आणि आत्या, नळी हरवली. येताना पेन आण. दोन आण, त्या नववीतल्या पोरांनाही हवंय.'